सात जणांचं बिल

दर मंगळवारी सकाळी सातला
आर्वो निस्काला टोपी उलटी धरून
टेबलावरच्या सगळ्यांचे पैसे गोळा करतो
आणि मला देतो कार्ड.
रोकड त्याच्या खिशात, बिल त्याच्या नावावर,
डॉलरमागे एक पॉइंट, खाण्यापिण्याचे दुप्पट.
अकरा वर्षं तो मला हे समजावतोय,
अकरा वर्षं मी कप भरतेय.

डुलुथच्या गोदीवर लोखंडाच्या मातीत
चाळीस वर्षं काढलेला माणूस,
पाकिटात पाच कार्डं,
प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर शाईने:
पेट्रोल. किराणा. दात. कॉफी.
आणि पाचव्यावर, 'नुसतं ठेवायचं'.
चर्चचं छप्पर गळलं तेव्हा
कंत्राटदाराचे चार हजार ह्याने कार्डावर भरले,
पाद्रीबाईंकडून चेक घेतला,
त्या रविवारी पहिल्या बाकावर बसला.
पित्ताशय काढलं, शुद्धीवर आला, पहिलं वाक्य:
"बिल दोन कार्डांवर फोडायला सांगा."

थेंबे थेंबे तळे साचे, म्हणतात.
आमच्याकडे तळं खिडकीबाहेर आयतंच आहे,
पलीकडचा काठ दिसत नाही एवढं.
आर्वोला तो काठ नको होता. त्याला हवं होतं लिस्बन.
का, तर एका कॅलेंडरवर त्याने पिवळी ट्राम पाहिली होती,
चढावरची,
आणि पान मार्चचं होतं.
"मार्चमध्ये," तो सांगायचा, "आणि लोक कोटाशिवाय उभे!"

पॉलीन, आमची मालकीण, गल्ल्यामागून ओरडायची,
ह्या कार्डापायी शंभरातले तीन माझे जातात.
आवळा देऊन कोहळा काढतोस,
आणि कोहळा माझ्या परसातला.
तुझं विमान माझ्या बटाट्यांवर उडणार, आर्वो.
मग एक बटाटा जास्त वाढ, आर्वो म्हणायचा,
वजन कमी होईल तुझं.

चाळीस हजार लागत होते. तो अडतीसला पोचला,
कंपनीने रातोरात पंचावन्न केले.
पंचावन्नाला टेकला, तर सत्तर.
चिडला नाही.
अंगण साफ करून आत यावं
आणि खिडकीतून पुन्हा बर्फ पडताना दिसावं,
तेव्हा माणूस फावड्याकडे बघतो,
तसा फोनकडे बघत राहिला.

गेल्या ऑक्टोबरात बहात्तर हजार झाले.
त्याच आठवड्यात हृदयाच्या डॉक्टरने
विमान बंद केलं.

पुढच्या मंगळवारी तो वही घेऊन आला.
वही आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.
एकेकाचं पान, तारीखवार,
टॉयवोचे पॅनकेक, हॅरल्डची अंडी,
लेनीने तीनदा पैसे बुडवले, तेही.
"पैसे तुमचे होते," म्हणाला,
"मी नुसतं कार्ड."

चिठ्ठ्या टाकल्या. त्याच टोपीत.
आर्वोने पॉलीनचंही नाव घातलं, तीन टक्क्यांचं.
माझं नव्हतं.
मी कॉफीचं भांडं घेऊन तिथेच उभी होते, पण असो.
निघाला टॉयवो रँटाला,
एकोणऐंशी वर्षांत मिनियापोलिसपुढे न गेलेला,
आणि तिथेही दातांसाठी.

मार्चमध्ये गेला. परत आला.
मंगळवारी सगळे गप्प, बशीत चमचासुद्धा वाजेना.
कसं होतं?
टॉयवोने पुष्कळ विचार केला.
"कप लहान आहेत," म्हणाला. "आणि चढ फार."
मग कोट काढला, पहिल्यांदाच, आत आल्या आल्या न काढलेला,
आतल्या खिशातून दुमडलेली पावती काढली.
एक कॉफी.
"तुझ्या कार्डावर घेतली. चिकटपट्टी वाचून."

आर्वोने चष्मा लावला.
पावती उजेडात धरली, परकी भाषा, परके पैसे,
बराच वेळ.
"खाणंपिणं," म्हणाला, "म्हणजे दुप्पट,"
आणि टॉयवोच्या पानावर लिहिले: दोन. नाही, तीन.

वही मिटताना शेवटचं पान उलगडलं.
तिथे माझं नाव होतं,
एक अक्षर चुकलेलं,
समोर आकडा नव्हता.

मी कप भरले.
त्याने टोपी उलटी केली.